वहिनींच्या चालीची नाव

इंजिन गरजेपेक्षा दांडगं घेतलं गेलंय, हे मास्तरला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. कबूल करायला मात्र त्याला पाच दिवस लागले. शिंप्यांचं असंच असतं. कापड चुकीचं कापलं गेलं, तरी आधी ते गिऱ्हाइकाला सांगून बघतात की हल्ली अशीच फॅशन आहे.

मास्तर म्हणजे तलावाच्या वरच्या रस्त्यावरचा टेलर. दुकानात दोन शिलाई मशीन, एक उभा आरसा आणि कपडे कधी मिळणार म्हणून रोज भांडायला येणारी चार माणसं. नाव, पाणी आणि मासे यांच्याशी त्याचा संबंध इतकाच, की त्याचा थोरला भाऊ गेली तीस वर्षं रोज सकाळी कामावर जाण्याआधी तलावात नाव घालायचा. दादा पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होता. आठची ड्यूटी, म्हणून सहाला तो पाण्यावर. वल्ही मारत निघायचं आणि मागे लांब नायलॉनची दोरी सोडायची. दोरीच्या टोकाला पत्र्याचा चकचकीत चमचा आणि त्याला गळ. हात वल्ह्यांत गुंतलेले, त्यामुळे दोरीला बांधलेला सुतळीचा फास उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेला असायचा; मोठा मासा लागला की सुतळी तुटायची आणि दोरी मोकळी व्हायची. चमचा पाण्यात कसा चाललाय, मासा नुसता हुंगून गेला की खरंच लागला, हे सगळं दादाला अंगठा सांगायचा. लागला की वल्ही आत टाकायची आणि मासा वर घ्यायचा.

चार महिन्यांपूर्वी पंपावरच दादाला झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं परत आला, हात आला नाही. "उजवा वाचला, नशीब म्हणायचं," असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणून गेला. आणि खरंच, दादा उजव्या हातानं जेवायचा, दाढी करायचा, सही करायचा, चिडला की पेला आपटायचा. त्यामुळे दोन महिन्यांत घरच्यांना त्या डाव्या हाताची इतकी सवय झाली, की कायम बंद असलेल्या दारासारखं त्याच्याकडे कुणाचं लक्षच जाईना.

लक्ष गेलं ते दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंचं. त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "सहा महिन्यांच्या आत हात चालवायला सुरुवात केली तर थोडंफार परत येईल. नंतर आखडला की आखडलाच. मी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते. पण त्यांना घेऊन या. नुसतं विचारून जाऊ नका."

दादा येत नव्हता. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. वहिनींनी समजावलं, त्या रागावल्या, रडल्या, एक दिवस तर त्यांनी अबोलाही धरून पाहिला. पण अबोला धरायला समोरच्यानं आधी बोलावं लागतं. शेवटी मास्तर दुकान बंद करून आला आणि खाटेच्या कडेला बसून राहिला. बऱ्याच वेळानं दादा भिंतीलाच म्हणाला, "मला एक मासा आणू दे. माझा मी आणला पाहिजे. मग न्या मला कुठं न्यायचं तिथं."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर हा विषय परत काढायचा नाही."

दादाचा शब्द म्हणजे शब्द. एकदा त्यानं सिगारेट सोडतो म्हणून अर्धी ओढलेली विझवली होती, ती उरलेली अर्धीसुद्धा नंतर कधी ओढली नाही. त्यामुळे मास्तरचा जीव एकाच वेळी भांड्यातही पडला आणि टांगणीलाही लागला. वल्ही मारणं दादाला शक्य नव्हतं, मास्तरला जमत नव्हतं. मग नावेला मागून इंजिन लावायचं ठरलं.

"घोडे जास्त झाले म्हणून रडत आलेला माणूस मी आजवर पाहिला नाही," इंजिनवाला म्हणाला होता. "कमी पडले म्हणून येतात." मास्तरनं आठ घोड्यांचं इंजिन घेतलं, आणि रडत येणारा पहिला माणूस आता तोच होणार होता.

पहिल्या दिवशी दादाला धरून नावेत बसवलं. तो मधल्या फळीवर, मागे तोंड करून. मास्तर मागे, इंजिनाचा दांडा धरून. दादानं अंगठ्यात फास घातला, दोरी सोडली आणि दोन मिनिटांत त्याचं तोंड कडू झालं.

"हळू घे."

"हळूच आहे, दादा."

"याला हळू म्हणतोस?"

"याच्या खाली बंदच आहे."

मागे वळून पाहिलं तर चमचा पाण्याच्या वर येऊन भिरभिरत होता. या तलावातला काळ्या पाठीचा मोठा मासा खोल, गार पाण्यात राहतो आणि भलता आळशी असतो. फिरायला निघालेल्या माणसाच्या चालीनं काही पुढून गेलं तरच तो उठण्याची तसदी घेतो. चमचा खोल जाऊन नुसता लडबडला पाहिजे, इकडून तिकडे डुलत राहिला पाहिजे, फिरता कामा नये. दादा वल्ह्यांवर ती चाल बरोबर धरायचा. ती त्याच्या खांद्यांत होती. आठ घोड्यांना ती कुठून ठाऊक असणार?

चाल मोजायची कशी, यावर वहिनींनी तोडगा काढला. तलावाच्या एका बाजूला लांबच लांब बांध आहे. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्या सकाळी बांधावरून चालायच्या आणि दादाची नाव बाजूनं चालायची. घरात बोलायला फुरसत नसायची, म्हणून सगळं बोलणं असं, काठावरून पाण्यावर ओरडून. अर्ध्या गावाला त्यांच्या घरातल्या गोष्टी आधी कळायच्या त्या यामुळेच. "मी माझ्या चालीनं चालते," त्या म्हणाल्या. "नाव माझ्या बरोबरीनं आली, की समजा झालं."

तेव्हापासून रोज सकाळी हा तमाशा सुरू झाला. बांधावर वहिनी पदर खोचून चालताहेत आणि नाव फटफटत त्यांच्या पुढे निघून जातेय.

"भावजी, मी काय पळू का आता?" त्या ओरडायच्या.

धक्क्यावर एक गृहस्थ बसलेला असायचा. सगळे त्याला प्रोफेसर म्हणत, कारण काहीही विचारलेलं नसताना तो उत्तर द्यायचा. त्यानं सुचवलं, गिअर घालायचा, काढायचा, परत घालायचा. मास्तरनं तसं केलं. नाव पुढे झेपावायची, थांबायची, परत झेपावायची. चमचा तळाला जायचा आणि हिसक्यासरशी वर यायचा. "नावेला उचकी लागलीय," दादा म्हणाला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. घरी आल्यावर मास्तरनं ही बातमी वहिनींना दोनदा सांगितली.

मग प्रोफेसर म्हणाला, उलटी चालवा, मागच्या बाजूनं. नावेचा मागचा भाग सपाट, त्यावर लाटा थाडथाड आदळल्या आणि दोघं भाऊ नखशिखांत भिजून आले. मग बादली. दोरीला बादली बांधून बाजूनं पाण्यात सोडली. नाव हळू झाली खरी, पण बादलीच्या बाजूला वळत वळत गोल फिरू लागली. वहिनी बांधावर थांबून कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. तिसऱ्या फेरीत बादलीची कडी तुटली आणि बादली तळाला गेली.

त्या दिवशी मास्तर दुकानात आला तो हातावर हात ठेवून बसला. महिना संपायला अकरा दिवस होते. कुणाच्या तरी पॅंटची बाही... बाही कसली, पाय! इतकं त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पण ती बाहीच त्याच्या डोक्यात अडकली. बादली कशाला हवी? कापडाची मोठी बाही पाण्यात सोडली, तर तिच्यात पाणी भरेल आणि ती नावेला मागे ओढून धरेल. त्यानं कात्री घेतली. ताडपत्रीच्या सहा कळ्या कापल्या, घेरदार फ्रॉकला कापतात तशा. वरचं तोंड रुंद, खाली निमुळतं. दुहेरी शिलाई मारली, तोंडाला वायरचं कडं घातलं आणि रात्रीच्या जेवणाआधी पिशवी तयार केली. प्रोफेसरनं बघून मान डोलावली आणि एवढंच सांगितलं की बाजूला बांधू नका, पुढच्या टोकाला बांधा, आखूड दोरीनं, म्हणजे नाव सरळ राहील.

प्रोफेसरचं बरोबर होतं. चूक मास्तरची होती, आणि ती शिंप्यालाच व्हावी अशी होती. आयुष्यभर त्यानं कुठलंही टोक उघडं सोडलेलं नव्हतं. पिशवीचं निमुळतं टोकही त्यानं छान दुमडून, टिपा मारून बंद केलं होतं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नाही. पिशवी फुगली, नाव जागच्या जागी थबकली, पुढचं टोक खाली दबलं, आणि धाडकन आवाज होऊन पिशवी जिला बांधली होती ती नावेची लोखंडी कडी लाकडासकट उपटून पाण्यात गेली.

मास्तरनं पिशवी कशीबशी पकडली आणि आधी काय केलं असेल, तर शिलाई तपासली.

"एक टाका उसवला नाही," तो म्हणाला.

"नाव उसवली," दादा म्हणाला.

कडी परत बसवण्यात तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मास्तरनं पिशवीचं टोक कापलं, गोल केलं, आणि मग त्याला आयुष्यातली सगळ्यात हुशार कल्पना सुचली. त्या टोकाला त्यानं नेफा शिवला आणि त्यात नाडी ओवली. नाडी सैल सोडली की पाणी भसाभस बाहेर जातं आणि नाव पळते. आवळली की रेंगाळते. पायजमा कमरेला बसवावा तशी नाव वहिनींच्या चालीला बसवायची.

पुढचे दोन दिवस तेच. वहिनी चालताहेत, मास्तर नावेच्या पुढच्या टोकाशी जाऊन पिशवी वर ओढतोय, नाडी बोटभर आवळतोय, परत सोडतोय, धावत मागे येऊन दांडा धरतोय. "अजून!" वहिनी ओरडायच्या. परत ओढ, परत आवळ. त्याच्या तळहातांना फोड आले. नाडीवर त्यानं खडूनं खुणा केल्या आणि त्या धुऊन गेल्या म्हणून मग लाल दोऱ्यानं टाके घातले. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत होती, एका नवऱ्यामुलाचा कोट एका बाहीचाच लटकत होता. मास्तरला कशाचंच काही नव्हतं. झोपेतही तो नाडी आवळत होता, असं त्याची बायको सांगायची. तिसऱ्या टाक्यावर नाडी आली आणि नाव बांधावरच्या वहिनींच्या अगदी बरोबरीनं चालू लागली. त्या एक पाऊल पुढे नाहीत की मागे नाहीत. दादानं अंगठ्यात फास घातला, दोरी सोडली, डोळे मिटले.

"लडबडतोय," तो हळूच म्हणाला. "बरोब्बर लडबडतोय."

मास्तरचे डोळे भरून आले. तो शिंपी होता, त्याला माप बरोबर आलं की असं व्हायचंच.

पण मासा काही आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. पुढचे तीन दिवस वारा होता. मग महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी व्यायामाच्या बाईंनी दुकानात फोन करून विचारलं होतं, जागा ठेवू की देऊ. मास्तर म्हणाला होता, उद्या दुपारपर्यंत ठेवा, मी स्वतः घेऊन येतो. कुठल्या तोंडानं तो हे बोलला, ते त्यालाच ठाऊक.

पाणी सपाट होतं. बांधावर वहिनी, पाण्यावर नाव, दोघींची चाल एक. वहिनीसुद्धा त्या दिवशी गप्प चालत होत्या. असं घडल्याचं कुणाला आठवत नाही. बांध निम्मा संपला असेल, तेवढ्यात दादाचा पाय सरळ झाला.

"आला," दादा म्हणाला. आणि मग मोठ्यानं, "आला रे! मोठा आहे!"

त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मास्तरनं पाहिलं. गेले चार महिने जो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता, तो हा नव्हेच. दादा पुढे वाकला, उजव्या हातानं त्यानं दोरी पकडली आणि खसकन हातभर ओढून घेतली. आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्याचा डावा खांदा पुढची पकड घ्यायला उसळला.

खांदाच उसळला. हात मांडीवर पडून राहिला.

दादानं खाली बघितलं. हाक मारल्यावर पोरानं ओ द्यायला हवी होती आणि दिली नाही, तसं त्यानं त्या हाताकडे बघितलं. त्यालाही आठवलं नव्हतं. कुणालाच आठवलं नव्हतं. प्रोफेसरला नाही, वहिनींना नाही, आणि ज्यानं नाडीवर लाल दोऱ्याचे टाके मोजले होते, त्या मास्तरला तर नाहीच नाही. सगळे मिळून महिनाभर नाव हळू करत बसले होते. दोरी ओढायला दोन हात लागतात, एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं धरायचं, ही गोष्ट चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

मास्तरनं इंजिन बंद केलं आणि तो उठला.

"बस," दादा म्हणाला.

"दादा, मी नुसती धरतो. ओढ तूच."

"बस म्हणतो ना!"

मास्तर बसला. दादानं ओढलेली दोरी दातांत धरली, हात पुढे नेला, आणखी हातभर ओढली, परत दातांत धरली. तिसऱ्या खेपेला खालून माशानं हिसका दिला आणि दोरी ओठातून करकरत गेली. रक्त आलं. दादानं ती उजव्या पायाखाली दाबली, तर निसटली. मांडीखाली दाबली, तरी निसटली. डावं मनगट उजव्या हातानं उचलून त्यानं ते दोरीवर ठेवलं, मग बोटं एकेक करून दोरीभोवती वळवली. हात सोडल्याबरोबर ती एकेक करून उघडली. मास्तर समोर तीन फुटांवर बसून हे बघत होता. त्याचे दोन धडधाकट हात, चाळीस वर्षं सुईत दोरा ओवणारे, त्याच्या गुडघ्यांवर होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"आला का हो?" बांधावरून वहिनी ओरडल्या. त्या थांबल्या होत्या, दादा वाकलेला त्यांना दिसत होता. "लागला ना? लागला ना भावजी?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी टाळ्या वाजवल्या. सपाट पाण्यावर तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

दादाच्या पायाशी लाकडी चौकटीवर उरलेली दोरी गुंडाळलेली होती, ती गरगर उलगडत गेली. दादा मुठीतून तिला जाऊ देत होता, कारण धरली असती तर मूठ कापली असती. चौकट रिकामी झाली, फळीला बांधलेली शेवटची गाठ ताणली गेली, नाव किंचित वळली आणि दोरी तुटली. तुटल्याचा आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

मास्तरला काहीतरी बोलायचं होतं. उद्या परत येऊ, बाईंना मी सांगतो, प्रोफेसर काहीतरी युक्ती काढेल. त्यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर पडण्याच्या लायकीचं नव्हतं, हे निदान त्याला समजलं. दादानं बाहीनं ओठ पुसला, अंगठ्यात उरलेला सुतळीचा फास काढला आणि पाण्यात टाकून दिला.

"चल," तो म्हणाला. "घरी घे. लवकर घे."

मास्तरनं इंजिन चालू केलं, दांडा पूर्ण फिरवला. आठही घोडे ओरडू लागले. पण नाव वहिनींच्या चालीच्या पुढे जाईना. पिशवी पाण्यातच होती. वहिनी पुन्हा बांधावरून चालू लागल्या होत्या, नावेच्या बरोबरीनं, हसत, इकडे बघत.

इंजिन बंद करून मास्तर दादाच्या अंगावरून पलीकडे गेला आणि पुढच्या टोकाशी गुडघ्यांवर बसला. पाण्यानं भरलेली पिशवी वर घ्यायची म्हणजे दोरी हातामागून हात ओढायची. दादा वळून बघत होता. मास्तरनं एका हातानं ओढून पाहिली. वीतभर आली आणि परत गेली. त्यानं दोरी मनगटाला गुंडाळली, पुन्हा एकाच हातानं ओढली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा त्यानं दातांकडे नेली, तेव्हा दादा बोलला.

"दोन्ही हात लाव. तुला आहेत ना."

मास्तरनं दोन्ही हात लावले. चार ओढींत पिशवी वर आली.